अहोंना फोन लावा

बटणांच्या फोनवर पाचाच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो. रव्याच्या दाण्याएवढा. डोळे धड असलेल्या माणसाला तो आयुष्यभर जाणवत नाही. आईने मात्र सहा वर्षं सगळे फोन त्या एका दाण्याच्या भरवशावर केले. अंगठा पाचावर ठेवायचा, तिथून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. कोपऱ्यातले आकडे तिरके. शून्य सर्वांत खाली, एकटं.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही, असं ती सांगते. वर, बऱ्याच लोकांच्या बाबतीत ही सोयच आहे, हेही सांगते.

गेल्या पावसाळ्यात तो बटणांचा फोन कायमचा गेला. दुकानदार म्हणाला, आता कोण घेतं असले. मग भावाने काचेचा आणला. आईने त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि विचारलं, "यात पाच कुठाय?"

काचेत पाच नव्हता. म्हणून आवाजाने फोन लावायचं ठरलं. ते शिकवायला मी चार दिवस सांगलीला जाऊन राहिले. चारचे अकरा झाले.

मी शिकवायला गेले होते कुणाला, तर ट्रंक ऑपरेटरला, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या बाईला. आई १९७३ साली टेलिफोन खात्यात लागली. पहिली दोन वर्षं तालुक्याच्या गावी, हाताने जोडायच्या एक्स्चेंजमध्ये. तिथल्या फोनला डायलच नव्हती. हँडल फिरवायचं, आईच्या बोर्डावर त्या नंबरचं झाकण पडायचं, ती दोरीचा प्लग खोचून विचारायची, "नंबर प्लीज?" आणि नंबर कुणीही सांगायचं नाही. गावात नंबर दोन आकडी, तेही लोकांना पाठ नव्हते. पाठ करायचं कारणच नव्हतं. "डॉक्टरांकडे लावा." "पेठेतल्या आमच्या दुकानात लावा." "हिच्या माहेरी लावा." आई लावायची. डॉक्टर संध्याकाळी दवाखान्यात नाहीत, सासऱ्यांकडे आहेत, हे तिला ठाऊक असायचं, कारण मघाशी त्यांचा फोन तिनेच तिकडून जोडलेला असायचा. मग ती फोन परस्पर सासऱ्यांकडे लावून द्यायची.

आवाजाने फोन लावणं हे आपण नवं समजतो. पण ते डायलच्याही आधीचं. रिसीव्हर उचलायचा, कोण हवंय ते बोलायचं, आणि पलीकडे ते माणूस. मध्ये बसलेल्या बाईला सगळं गाव माहीत असलं की झालं.

ती बाई काढून टाकावी असं ज्याला वाटलं, तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत प्रेतांच्या अंत्यसंस्काराचा धंदा करायचा. आल्मन स्ट्राउजर त्याचं नाव. गोष्ट अशी सांगतात की, त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि स्ट्राउजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता. खरंखोटं देव जाणे. पण त्याने फोन आपोआप जोडणारं यंत्र शोधलं, १८९१ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसलं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी गेली ती एका मेल्या माणसांच्या दुकानदाराच्या संशयापायी."

नोकरी तशी गेली नाही. ट्रंक बोर्ड ओसरले तशी तिला १९७ वर बसवली, म्हणजे ज्यांना नंबर माहीत नाही त्यांना नंबर सांगायला. पण जोडायचं काम गेलं ते गेलंच.

माझ्या स्वतःच्या फोनला कान फुटले ते २००१ साली. नोकिया ३३१०. त्यात मोजक्या नावांना आवाज चिकटवता यायचा. मी खोलीचं दार लावून एकदाच "आई" म्हटलं आणि ते आत साठलं. तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. शांत खोलीत फोन शहाण्यासारखा लागायचा. बसस्टॉपवर कधी नाही. सर्दी झाली की नाही. सगळ्यात वाईट म्हणजे रडवेल्या आवाजात नाही, म्हणजे नेमकी जेव्हा आई हवी असते तेव्हा. कारण त्या फोनला शब्द कळतच नव्हता. त्याच्याकडे माझ्या त्या एका दुपारच्या आवाजाचा साचा होता, आणि नवा आवाज त्या साच्यात बसतो का एवढंच तो बघायचा. "आई"ऐवजी "भेंडी" म्हणून साठवलं असतं तरी भेंडी म्हटल्यावर आईच उचलायची. हे लक्षात आल्यावर आमच्या खोलीतल्या एकीने तिच्या ऑफिसातल्या साहेबांना काय नाव दिलं होतं, ते इथे लिहीत नाही.

माणसाचा आवाज ओळखायची खटपट त्याच्याही फार आधीची. १९५२ साली, म्हणजे आईच्या जन्मवर्षी, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र बनवलं होतं. पुरुषभर उंचीचं. त्याला शून्य ते नऊ एवढे आकडे ऐकून कळायचे. ओळखीच्या आवाजात आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबून बोललं तरच. हे ऐकून आई म्हणाली, "बरोबरच आहे. आम्हालाही तसंच बोलायला शिकवलं होतं."

तिचा एक मुद्दा आहे आणि तो ती कुणालाही ऐकवते. मराठी माणसाला नंबर सांगता येत नाही. नंबर विचारला की तो जोड्या करतो. अठ्ठ्याण्णव, बावीस, त्रेसष्ट, एकोणऐंशी. ऐकणारा एकोणऐंशीला एकोणनव्वद लिहितो, त्रेसष्टला त्रेपन्न. शिवाय आपले आकडे उलटे: त्रेसष्ट म्हणताना तोंडातून आधी तीन निघतो आणि कागदावर आधी सहा पडतो. बरं, पाच आकडे मराठीत सांगून माणूस सहाव्याला इंग्रजीत शिरतो, आणि मध्येच "डबल थ्री". २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणि बत्तीसला 'तीस दोन' असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं गोंधळतात, एवढंच साधं त्यांचं म्हणणं होतं. घरोघर विनोद झाले. आमच्या घरात नाही झाले. आई म्हणाली, "बाईंनी एक दिवस १९७ वर बसलेलं असणार."

तर मी शिकवायला बसले. गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येतं. बाजूचं बटण दाबून धरायचं, टुंग वाजलं की बोलायचं. "मावशीला फोन लाव."

आईने बटण दाबलं, टुंग वाजलं, आणि ती ऑपरेटरच्या आवाजात, त्या सपाट, स्वच्छ, कुणाच्याच बाजूच्या नसलेल्या आवाजात बोलली, "मिरजेच्या मावशींना फोन लावा, प्लीज."

फोनला मिरजेची मावशी सापडेना. कारण नंबर भावाने साठवले होते, आणि ते रोमन लिपीत. तिथे 'मावशी मिरज' असं होतं, आणि फोन ते वाचायचा 'मौशी मिराज'. विमान असावं तसं. काकूंचं साताऱ्याचं गाव त्याच्या तोंडी 'सटारा' व्हायचं. दोन दिवस मी सगळी नावं देवनागरीत घालत बसले. एकशे चौदा.

तरी लागेना. मग कळलं की भांडण व्याकरणाशी आहे. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडात नाव कुठेही आलं तरी तसंच्या तसं राहतं. आपल्याकडे फोन लावायचा म्हणजे तो कुणाला तरी लावावा लागतो, आणि 'ला' लागला की नाव मोडतं. मिरजची मिरजेच्या होते, काका काकांना होतात, सातारा साताऱ्याच्या होतो, पोळ्या करणाऱ्या बाई बाईंना होतात. शाळेत सामान्यरूप नावाची जी कटकट होती ती इथे पुन्हा भेटली. कधी यंत्राला कळायचं, कधी नाही. आईला, "तू नुसतं नाव घे, आदर नको, विभक्ती नको," असं सांगून पाहिलं. तिने एकदा प्रामाणिकपणे "फोन लाव काका" म्हटलं आणि स्वतःच शरमली. थोरल्या दिरांना असं कोण हाक मारतं.

शेवटी मी नावंच विभक्तीसकट साठवली. आता तिच्या फोनमध्ये 'मिरजेच्या मावशींना' आहेत, 'डॉक्टरांना' आहेत, 'पोळ्यांच्या बाईंना' आहेत, आणि 'गॅसवाल्याला' आहे. यादी वरून खाली वाचली तर लग्नाच्या आहेराची वाटते. पण लागतात. दहातले नऊ वेळा लागतात.

एका बाबतीत मात्र मी घाई केली आणि तोंडघशी पडले. आईला महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा झाली का ते कळून घ्यायचं असतं. बँकेचा फोन म्हणजे पढवलेला आवाज: मराठीसाठी तीन दाबा, शिलकीसाठी एक दाबा. काचेवर तीन दाबायचा कसा? तर नंबर साठवतानाच पुढे स्वल्पविराम टाकायची सोय असते. एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. जुन्या नोकियात फुली पुन्हा पुन्हा दाबली की नंबरात 'पी' उमटायचा, तोच हा. मी बँकेचा नंबर, चार स्वल्पविराम, तीन, पुन्हा तीन स्वल्पविराम, एक, असं रचून ठेवलं. (पिन असल्या ठिकाणी ठेवू नये, हे सांगायला नकोच.) आई "बँकेला फोन लावा" म्हणायची, आणि मग फोन स्वतःच थांबून थांबून सूर काढायचा. प्रत्येक आकड्याचे दोन सूर एकत्र: तिनाचे ६९७ आणि १४७७ हर्ट्झ. १९६३ साली हे अमेरिकेत सुरू झालं, आता जगभर हेच. आईला ते फार आवडलं. "पेटी लावल्यासारखं वाजतं गं," म्हणाली.

दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्यात बँकेने सुरुवातीला एक लांबलचक सावधगिरीचा संदेश घातला आणि भाषांचे आकडे बदलले. आमचा फोन तो संदेश चालू असतानाच तीन वाजवून मोकळा झाला, आणि एक वाजवून कार्ड हरवल्याच्या तक्रारीत शिरला. पलीकडे खरा माणूस आला आणि कार्ड बंद करू का म्हणून हिंदीत विचारू लागला. आईने त्याची माफी मागून फोन ठेवला. मला म्हणाली, "तुझा फोन न ऐकताच बोलतो. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं: आधी लाइन ऐकायची, मग तोंड उघडायचं."

स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम टाकला तर फोन तिथे थांबतो आणि 'पाठवू का?' विचारतो. ते मला आधी सुचायला हवं होतं. आता अर्धविराम आहे.

आणि एक गोष्ट तिला कुणी शिकवावी लागली नाही. मागे एकदा कुरिअरवाला असल्याचं सांगून कुणी तरी फोन केला होता, पत्ता सापडत नाही, तेवढं फुली चारशे एक फुली करून अमुक नंबर दाबा म्हणून. आई म्हणाली, "अहो, ते तर डायव्हर्शन आहे. माझे फोन तुमच्याकडे कशाला वळवू?" पलीकडून फोन आपटला. असे प्रकार इतके वाढले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असल्या कोडने फोन वळवायची सोयच स्थगित करायला लावली. मला स्ट्राउजर आठवला. ऑपरेटर बाई आपले फोन वळवते म्हणून त्याने बाई काढली. सव्वाशे वर्षांनी लोक स्वतःच्या हाताने आपले फोन चोराकडे वळवून देत होते, आणि ते ओळखलं एका ऑपरेटर बाईने.

त्या अकरा दिवसांत बाकी सगळे झाले तरी एक नंबर राहिला होता. बाबांचा.

आई बाबांचं नाव घेत नाही. घरात 'अहो', आमच्याशी बोलताना 'बाबा', शेजारी 'हे', आणि माहेरी नुसती मान त्यांच्या खोलीच्या दिशेने हलवायची. तीस वर्षं हिने अख्ख्या जिल्ह्याची नावं घेतली, कुणाच्या नवऱ्याची, कुणाच्या मामलेदाराची, पण हे एक नाव नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि एकदा नोकरीत अडलं होतं. बाबांची तेव्हा बदली नागपूरला झाली होती. आईला तिकडे पी.पी. कॉल लावायचा होता. पी.पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. अमुक माणूसच हवं, दुसरं कुणी आलं तर जोडायचा नाही, आणि तो माणूस नसेल तर पूर्ण आकार लागायचा नाही. (शेजाऱ्यांचा फोन नंबर आपल्या पत्रिकेवर छापून पुढे कंसात पी.पी. लिहायचे, ते यावरूनच.) नागपूरच्या ऑपरेटरने विचारलं, पार्टीचं नाव? बोर्डावर बाजूला सहा मैत्रिणी कान टवकारून. आईने अक्षरं सांगितली. "व्ही फॉर व्हिक्टरी. ए फॉर अमेरिका. एस फॉर शुगर..." सगळं नाव असंच, सुटं सुटं, एकदाही न उच्चारता. पलीकडच्या बाईने ते जोडून मोठ्याने म्हटलं तेव्हा इकडे आई लाल.

आता यंत्रासमोर अक्षरं चालणार नव्हती. मी म्हटलं, 'बाबांना' साठवते. ती म्हणाली, "माझे बाबा आहेत का ते?" खरंच होतं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, पण 'बाबांना फोन लावा' हे वाक्य तिच्या तोंडात दुसऱ्या कुणासाठी होतं. 'मिस्टरांना'? ते ती बँकेत म्हणते. मग मीच धीर करून 'अहो' साठवलं.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरात झाला. आईने बटण दाबलं, टुंग वाजलं, आणि ती कितीही झालं तरी ऑपरेटरच्या नव्हे, घरच्या आवाजात म्हणाली, "अहो."

"बोला, मी तुमची काय मदत करू?" फोन म्हणाला.

"काय गं?" बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले.

दोघांनी ओ दिली आणि फोन कुणालाच लागला नाही. मी टेबलावर डोकं ठेवून हसत होते. आई म्हणाली, "हसू नकोस. दोघांपैकी एकाने तरी मदत करू का विचारलं."

मग अनुभवातून शिकून 'अहोंना' केलं. हल्ली मुली म्हणतातच, माझे अहो, आमच्या अहोंना. आईला तो शब्द चावट वाटतो. पण बाहेर बोलायचा नाहीये, फोनशीच बोलायचाय, असं म्हणून तिने तो स्वीकारला. दोनदा तालीम केली. दोन्ही वेळा बाबांच्या खिशात वाजलं, आणि दोन्ही वेळा बाबा समोर बसलेले असताना त्यांनी फोन कानाला लावून "हॅलो, कोण?" म्हटलं.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबा गिरणीवर गेले होते, दळण आणायला. पाऊस भरून आला. आई खिडकीशी उभी होती, मान जरा तिरकी करून, कडेच्या नजरेने रस्ता बघत. तिला फाटक दिसत होतं की नाही कोण जाणे. तिने कमरेला खोचलेला फोन काढला, बटण दाबलं.

"अहोंना फोन लावा, प्लीज."

"अहोंना, फोन लावत आहे," फोन म्हणाला.

तिने तो कानाला लावला. मीही ऐकू लागले. एक रिंग. दुसऱ्या रिंगला घरातच कुठे तरी घरघर सुरू झाली. फ्रिजच्या डोक्यावर, ब्रेडच्या पुड्याशेजारी, बाबांचा फोन उजळून थरथरत होता.

आईने सवयीने वाजू दिलं. सहा, सात, आठ रिंगा. मग कानावरचा फोन खाली घेतला.

"लाइन लागली," म्हणाली. "पार्टी नाही. पी.पी. बुक केला असता तर पैसे वाचले असते."

आणि दाराशी ठेवलेली छत्री घेऊन मला म्हणाली, "जा गं, दोन दळणं आहेत, एकट्यांना उचलायची नाहीत."